कविता आणि चित्र शेजारी ठेवताना : स्वच्छंदतावादी साहित्याच्या सोबतीने दृश्यकलेचा अभ्यास

इंग्रजी साहित्याच्या पदव्युत्तर वर्गात एक निबंध दरवर्षी हमखास येतो. एका बाजूला वर्ड्स्वर्थची एखादी निसर्गकविता, दुसऱ्या बाजूला टर्नर किंवा कॉन्स्टेबल यांचे एखादे निसर्गचित्र, आणि खाली निष्कर्ष असा की दोघांचेही निसर्गावर प्रेम होते. हे विधान चुकीचे नाही, पण ते इतके ढगळ आहे की कोणत्याही कवीच्या आणि कोणत्याही चित्रकाराच्या अंगावर ते बसते. जर्मन चित्रकार फ्रीडरिशच्या धुक्यातल्या पाठमोऱ्या प्रवाशाचीही तीच गत झाली आहे. साधारण १८१८ सालचे, हँबुर्गच्या संग्रहालयातले ते चित्र स्वच्छंदतावादी (रोमँटिक) काळाविषयीच्या इतक्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर झळकले आहे की त्याच्याकडे नीट पाहण्याची गरज आता कुणाला वाटत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याला चित्र वाचता यावे आणि कलाशाळेतल्या विद्यार्थ्याला त्याच काळातली कविता उपयोगी पडावी, या हेतूने मी गेली काही वर्षे जी पद्धत वापरतो ती येथे क्रमाने मांडली आहे. तिचा गाभा एवढाच की साम्याच्या मागे धावू नये. कवीची आणि चित्राची प्रत्यक्ष गाठ कोठे पडली हे आधी पुराव्यानिशी शोधावे आणि त्यानंतर ते दोघे एकमेकांपासून कोठे फारकत घेतात हे पाहावे. अभ्यासाचे बहुतेक धन त्या फारकतीत असते. साधने फार लागत नाहीत : एक कोरी वही, पेन्सिल, मोबाइलपेक्षा मोठा पडदा आणि एका जोडीसाठी साधारण महिनाभराचा वेळ.

पहिली पायरी : जोडी कशी निवडावी

जोडी निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा : या दोन कलाकृतींचा संबंध मी लावतो आहे, की तो त्या काळी खरोखर होता? खऱ्या संबंधाचे मुख्यतः चार प्रकार सापडतात. कवीने एखादे चित्र किंवा शिल्प पाहिले आणि त्यावर लिहिले, हा पहिला. हौशी चित्रकार ब्यूमाँटच्या चित्रावरची वर्ड्स्वर्थची कविता या प्रकारात मोडते. चित्रकाराने साहित्यकृती वाचली आणि तिच्यावरून चित्र काढले, हा दुसरा. फ्रेंच चित्रकार देलाक्र्वाने इंग्रजी कवी बायरनच्या नाटकावरून तसे केले. एकाच हाताने कविता लिहिली आणि चित्रही काढले, हा तिसरा, आणि त्यात इंग्रजी कवी-चित्रकार ब्लेकच्या तोडीचा दुसरा माणूस त्या काळात नाही. चौथ्या प्रकारात चित्रकार आपल्या चित्रासोबत काव्यपंक्ती जोडतो. लंडनच्या रॉयल अकॅडमीने १७९८ पासून प्रदर्शनाच्या सूचीत चित्राच्या नावाखाली कवितेच्या ओळी छापू देण्यास सुरुवात केली, आणि टर्नरने त्याच वर्षापासून या सवलतीचा मनसोक्त फायदा घेतला.

नवशिक्याने पहिल्या प्रकारापासून सुरुवात करावी. एकाच काळात, एकाच हवेत वावरलेल्या पण एकमेकांशी थेट संबंध नसलेल्या कलाकृतींची तुलना करण्याचा मोह सर्वांत शेवटी पुरवावा, कारण तेथे पाय घसरण्याची शक्यता सर्वाधिक असते.

दुसरी पायरी : कवितेआधी चित्र

क्रम महत्त्वाचा आहे. कविता आधी वाचली की डोळे तिच्या ताब्यात जातात आणि चित्रात आपल्याला फक्त कवीने सांगितलेलेच दिसते. म्हणून चित्र उघडावे, घड्याळ लावून वीस मिनिटे त्यासमोर बसावे आणि वहीत त्याची ओबडधोबड प्रतिकृती काढावी. चित्रकला येत नसली तरी चालेल. किंबहुना न येणाऱ्याचा फायदा अधिक होतो, कारण क्षितिजरेषा नेमकी किती उंचीवर आहे, उजेड कोणत्या बाजूने येतो आणि सर्वांत गडद जागा कोणती, हे त्याला प्रत्येक वेळी वर पाहून ठरवावे लागते. त्यानंतर चित्राचे मोजमाप, माध्यम, साल आणि सध्याचे ठिकाण लिहून ठेवावे. मोजमाप ही कोरडी नोंद नव्हे. देलाक्र्वाचे ‘सार्डानापालसचा मृत्यू’ जवळपास चार मीटर उंच आणि पाच मीटर रुंद आहे, तर ब्लेकचे कवितेचे पान तळहातावर मावते. पडद्यावर मात्र दोन्ही सारख्याच आकाराची दिसतात.

पडद्यावर रंगाचा थरही कळत नाही. मुंबईत राहणाऱ्यांनी किंवा तेथे जाणे होणाऱ्यांनी छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयातील टाटा संग्रहाची युरोपीय तैलचित्रे एकदा तिरक्या कोनातून, उजेड पृष्ठभागावर सांडत असताना पाहावीत. तैलरंगाला अंग असते ही गोष्ट एकदा डोळ्यांना कळली की पुढे पडद्यावरची प्रतिमा पाहतानाही तिची आठवण राहते.

तिसरी पायरी : एक कविता जवळून

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. सर जॉर्ज ब्यूमाँट हा सधन सरदार, चित्रांचा संग्राहक आणि हौशी चित्रकार होता. १८२४ साली लंडनची नॅशनल गॅलरी उभी राहिली त्यामागे त्याने देऊ केलेल्या चित्रांचा मोठा वाटा होता. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यालगतच्या बेटावरील पील किल्ल्याचे, वादळात सापडलेले चित्र त्याने काढले आणि ते १८०६ साली रॉयल अकॅडमीत मांडले गेले. वर्ड्स्वर्थने ते पाहून साठ ओळींची, पंधरा कडव्यांची कविता लिहिली आणि ती १८०७ च्या संग्रहात आली. या दोन तारखांच्या मागे आणखी दोन तारखा आहेत. १७९४ च्या उन्हाळ्यात वर्ड्स्वर्थ याच किल्ल्यासमोरच्या गावी काही आठवडे राहिला होता आणि तेव्हा समुद्र आरशासारखा शांत होता. ५ फेब्रुवारी १८०५ रोजी त्याचा भाऊ जॉन, जो एका व्यापारी जहाजाचा कप्तान होता, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ आपल्या जहाजासह बुडाला.

ही माहिती हाताशी असली की कविता वाचताना एक गंमत ध्यानात येते, आणि ती प्रत्येकाने स्वतः पेन्सिलने खुणा करून पडताळावी. चित्रावर लिहिलेल्या या कवितेत ब्यूमाँटचे चित्र कितव्या कडव्यात येते? त्याचे नाव घेऊन त्याच्या चित्राकडे कवी वळतो तो अकराव्या कडव्यात. तोवरच्या चाळीस ओळींत तो आधी आपल्या आठवणीतला शांत किल्ला सांगतो, मग माझ्या हाती चित्रकाराचा कुंचला असता तर मी कोणते चित्र काढले असते ते सांगतो, आणि तसे चित्र आता माझ्याच्याने निघणार नाही अशी कबुली देतो. म्हणजे कवितेचा दोनतृतीयांश भाग जगात अस्तित्वातच नसलेल्या एका चित्राविषयी आहे. पाचव्या कडव्यात ‘या’ चित्रापेक्षा किती वेगळे, असा एक ओझरता निर्देश येतो, तेवढाच. ब्यूमाँटचे वादळ, वीज, लाटांशी झगडणारे जहाज आणि त्या साऱ्याला न जुमानणारा किल्ला हे सगळे शेवटी येते, आणि तोवर वाचकाच्या मनात दुसरे, निरभ्र चित्र पुरते तयार झालेले असते.

येथे क्रियापदांचे रूप तपासावे. पहिल्या भागात भूतकाळ, मधल्या भागात ‘केले असते, दाखवले असते’ हा संकेतार्थ, आणि प्रत्यक्ष चित्रापाशी आल्यावर वर्तमानकाळ. चित्रकाराला ‘असते तर’ रंगवता येत नाही. कॅनव्हासवर जे आहे ते आहे. न काढलेले चित्र दाखवणे ही फक्त भाषेला जमणारी गोष्ट, आणि या कवितेचे दुःख नेमके त्या संकेतार्थात साठवलेले आहे. तुमच्या निबंधातले पहिले खरे विधान येथे सापडते.

आणखी एक इशारा याच उदाहरणातून मिळतो. ब्यूमाँटने या चित्राच्या एकाहून अधिक आवृत्त्या केल्या. आपण कोणत्या आवृत्तीकडे पाहत आहोत, ती कोणत्या संग्रहालयात आहे, हे वहीत नोंदल्याशिवाय पुढे जाऊ नये.

चौथी पायरी : चित्रात नसलेले गाव

दुसरे उदाहरण इंग्रजी कवी कीट्सच्या ग्रीक कलशावरील कवितेचे. १८१९ साली लिहिलेली ही कविता प्रथम एका ललितकलाविषयक नियतकालिकात, जानेवारी १८२० मध्ये छापली गेली, ही बाब आपल्या विषयासाठी बोलकी आहे : तिचे पहिले वाचक कलाप्रेमी होते. कीट्सचा मित्र बेंजामिन हेडन हा चित्रकार अथेन्समधल्या प्राचीन पार्थेनॉन मंदिराच्या शिल्पांचा कट्टर पुरस्कर्ता. ब्रिटिश पार्लमेंटने ती शिल्पे १८१६ साली पस्तीस हजार पौंडांना विकत घेतली आणि मार्च १८१७ मध्ये हेडनसोबत कीट्सने ती ब्रिटिश म्युझियममध्ये पाहिली.

मग तो कलश कोठे आहे? कोठेच नाही. लूव्र संग्रहालयातील, सोसिबिओस या प्राचीन शिल्पकाराच्या संगमरवरी पात्राचे एक रेखाटन कीट्सच्या हातचे मानले जाते आणि ते रोममधील कीट्स-शेली स्मृतिगृहात आहे; बळी देण्यासाठी नेल्या जाणाऱ्या, आकाशाकडे तोंड करून हंबरणाऱ्या कालवडीचा संबंध अभ्यासक पार्थेनॉनच्या दक्षिणेकडील शिल्पपट्टाशी जोडतात. कवीने पाहिलेल्या अनेक वस्तू जुळवून मनात एक पात्र घडवले. तेव्हा ‘खरा कलश कोणता’ या शोधात आठवडा घालवण्यापेक्षा कोणता तुकडा कोठून आला असावा याची यादी करावी.

त्याहून महत्त्वाचे चौथे कडवे आहे. मिरवणूक बळीच्या वेदीकडे निघाली आहे, पुरोहित आहे, हार घातलेली कालवड आहे. इथपर्यंत शिल्पपट्टावर दिसू शकेल असे सर्व काही. पण त्यानंतर कवी विचारतो की ही माणसे ज्या लहानशा गावातून आली ते गाव कोणते, आणि ते गाव आता कायमचे रिकामे राहील, कारण का रिकामे झाले हे सांगायला तेथून कुणी परत येणार नाही. हे गाव कलशावर नाही. ते असते तर ते रिकामे वाटलेच नसते. दगडात थिजलेल्या मिरवणुकीचा अर्थ तिला मागे काय सोडावे लागले यावरून लावायचा, ही कल्पना कवीने चित्राच्या चौकटीबाहेर जाऊन मिळवली आहे. जर्मन समीक्षक लेसिंग याने १७६६ मध्ये मांडले होते की चित्र-शिल्प अवकाशात शेजारी शेजारी मांडलेल्या गोष्टी दाखवते आणि कविता काळात एकामागून एक येणाऱ्या. हे सूत्र फूटपट्टीसारखे वापरावे; कीट्सच्या या कडव्यावर ते ठेवून पाहिले की थांबलेला काळ कवितेने पुन्हा कसा सुरू केला हे मोजता येते.

मराठीत लिहिणाऱ्यासाठी येथे भाषेचा एक पेचही आहे. ‘कलश’ म्हटले की आपल्याला आंब्याची पाने, नारळ आणि मंगलकार्य आठवते. ‘अस्थिकलश’ म्हटले की एकदम दुसरे टोक. इंग्रजी शब्दात राख ठेवण्याच्या पात्राचा अर्थ आतून वाहत असतो. मी ‘कलश’ हाच शब्द ठेवतो आणि पहिल्या उल्लेखापाशी एक वाक्य खर्च करून ही सावली सांगून टाकतो.

पाचवी पायरी : चित्रकार मजकुराशी बेइमान होतो तेव्हा

साहित्यकृतीवरून काढलेले चित्र पाहताना मजकूर समोर ठेवून ‘येथे चुकले, तेथे चुकले’ अशा खुणा करू नयेत, पण फरकांची नोंद मात्र काटेकोर करावी. बायरनच्या १८२१ सालच्या नाटकात सार्डानापालस हा विलासी पण शेवटी उदार झालेला राजा आहे : तो राणीला आणि मुलांना सुखरूप दूर पाठवतो, आणि चितेवर त्याच्यासोबत जाते ती एकटी मिर्रा ही ग्रीक दासी, तीही स्वतःच्या इच्छेने. १८२७–२८ च्या सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या कलाप्रदर्शनात, मांडलेल्या देलाक्र्वाच्या चित्रात राजा लाल शय्येवर रेलून निर्विकारपणे पाहतो आहे आणि त्याच्याभोवती स्त्रियांची आणि घोड्याची कत्तल चालू आहे. नाटकात ही कत्तल नाही. मग ती कोठून आली, तिच्यामुळे चित्राची तिरकी, खाली कोसळणारी रचना कशी शक्य झाली आणि नाटकातल्या मिर्राची स्वेच्छा पुसली गेल्याने स्त्रियांकडे पाहण्याची नजर कशी बदलली, हे प्रश्न त्या एका फरकातून निघतात. माझ्या मते चित्र म्हणून ते थोर आहे आणि वाचन म्हणून ते बायरनवर अन्याय करणारे आहे. दोन्ही मते एकाच परिच्छेदात लिहायला हरकत नसावी.

टर्नरबाबत उलटा पेच येतो. त्याने स्वतःच्याच ‘आशेचे भ्रम’ नावाच्या, कधी पूर्ण न झालेल्या काव्यातल्या ओळी चित्रांना जोडल्या. या ओळी काव्य म्हणून कच्च्या आहेत, त्यांची टिंगलही झाली, आणि म्हणून विद्यार्थी त्या वगळतात. वगळू नयेत. १८४० साली मांडलेल्या, मेलेल्या आणि मरणाऱ्या गुलामांना जहाजावरून समुद्रात फेकले जात असल्याच्या चित्रासोबतच्या ओळी फसव्या आशेला विचारतात की आता तुझा बाजार कोठे आहे. ‘बाजार’ हा एक शब्द वाचल्यावर त्या तांबूस-पिवळ्या आकाशाकडे नुसता सूर्यास्त म्हणून पाहता येत नाही. उजव्या कोपऱ्यात पाण्याबाहेर आलेला, बेडी असलेला पाय आणि त्याभोवती जमलेले मासे बहुतेकांना त्यानंतरच दिसतात. चित्राच्या मूळ नावात वादळ ‘येत आहे’ असे म्हटले आहे, तेही नोंदवावे : फेकण्याचे काम वादळाने केलेले नाही.

सहावी पायरी : कवीने नेमके काय पाहिले होते?

या पायरीवर मी स्वतः तोंडावर आपटलो आहे. विद्यार्थीदशेत इंग्रजी कवी शेलीच्या, मेडुसा या केसांच्या जागी साप असलेल्या ग्रीक पुराणकथेतील स्त्रीवरील कवितेविषयी लिहिताना मी लिओनार्दोच्या शैलीवर दीड पान खर्च केले, कारण कवितेच्या शीर्षकातच लिओनार्दोचे नाव आहे. १८१९ साली फ्लॉरेन्समध्ये शेलीने पाहिलेले ते चित्र त्या काळी लिओनार्दोचे समजले जात असे. आज ते सुमारे १६०० सालच्या एका फ्लेमिश चित्रकाराचे मानले जाते. माझे दीड पान वाया गेले. तेव्हापासून वहीत प्रत्येक चित्राखाली दोन रकाने करतो : कवीच्या काळी या चित्राविषयी काय समजत होते आणि आज काय समजते. शेलीने लिओनार्दोच पाहिला असे समजून लिहिले, हेही सत्यच आहे. त्याचे वाचन त्या समजुतीसकट अभ्यासायचे असते.

फ्रीडरिशच्या ‘समुद्राकाठचा संन्यासी’ या चित्राची तपासणी केली तेव्हा असे दिसले की त्यात आधी जहाजे होती आणि चित्रकाराने ती नंतर काढून टाकली. १८१० साली बर्लिनमध्ये ते पाहून जर्मन लेखक क्लाइस्टने छापलेल्या मजकुरात, जो मूळ ब्रेंटानो आणि आर्निम या लेखकांचा असून त्याने फेरफार केलेला होता, पापण्या कापून टाकल्यासारखे वाटते असे म्हटले आहे. नजर टेकायला जागा उरलेली नाही, ही भावना त्या काढून टाकलेल्या जहाजांच्या शेजारी ठेवून पाहावी.

सातवी पायरी : हाताने करून पाहणे

ब्लेकचा अभ्यास केवळ वाचून होत नाही. तो चौदाव्या वर्षी एका उत्कीर्णकाराकडे, म्हणजे धातूच्या पत्र्यावर चित्रे कोरणाऱ्या कारागिराकडे, उमेदवारीला लागला आणि सात वर्षे तेथे राहिला. त्याचे काव्य तांब्याच्या पत्र्यावर घडले. आम्लाला न दबणाऱ्या द्रावणाने तो पत्र्यावर अक्षरे आणि चित्रे उलटी काढी, मग आम्ल उरलेला भाग खाऊन टाकी आणि उठून राहिलेल्या रेषांवर शाई लावून पान छापले जाई. त्यानंतर तो आणि त्याची पत्नी कॅथरीन ते हाताने रंगवीत. म्हणून १७९४ च्या ‘निरागसतेची आणि अनुभवाची गीते’ या एकत्रित संग्रहाच्या दोन प्रती कधीच सारख्या नसतात. वाघाच्या प्रसिद्ध कवितेचे पान ब्लेकच्या कृतींच्या मोफत डिजिटल संग्रहात उघडून निदान चार प्रतींत पाहावे. शब्दांत भट्टी, हातोडा आणि धडकी भरवणारी घडण आहे. खाली उभा असलेला वाघ काही प्रतींत कापसाच्या खेळण्यासारखा सौम्य दिसतो. ब्लेकला वाघ काढता येत नव्हता, असे म्हणून सुटका करून घेणारे आहेत. मला वाटते, प्रश्न विचारणाऱ्याची भीती आणि प्रत्यक्ष प्राणी यांतले अंतर त्याने मुद्दाम छापले.

अर्धा तास काढून चार ओळी आरशातल्या अक्षरांत लिहून पाहाव्यात. अक्षराला चित्र म्हणून पाहणे म्हणजे काय, हे मनगट दुखू लागले की समजते.

दुसरा सराव कॉन्स्टेबलकडून घ्यावा. १८२१–२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला त्याने आकाशाचे अनेक अभ्यास कागदावर तैलरंगात केले आणि त्यांपैकी कित्येकांच्या पाठीमागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहिली. आपल्याकडे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात हा सराव फार चांगला जमतो : सात दिवस ठरावीक वेळी ढगाचे रेखाटन, मागे तीन नोंदी, आणि त्याच ढगाविषयी दोन वाक्ये. चित्राला कोणती गोष्ट सहज जमली आणि वाक्याला कोणती, हे आठव्या दिवशी स्वतःच्याच कागदांवरून सांगता येते.

लिहिताना

निबंधाची सुरुवात काळाच्या वर्णनाने करू नये. सापडलेल्या एका फरकाने करावी. अकराव्या कडव्यापर्यंत न येणारे चित्र, कलशावर नसलेले गाव, नाटकात नसलेली कत्तल : असे एक वाक्य आधी, मग गाठ कोठे पडली याचा पुरावा, मग चित्राचे वर्णन, मग कवितेतले शब्द. इंग्रजी ओळींचा अर्थ स्वतःच्या मराठीत द्यावा आणि ‘भव्य’, ‘उदात्त’, ‘मनोहर’ ही विशेषणे तात्पुरती टांगून ठेवावीत, कारण या काळात उदात्त आणि मनोहर यांना सौंदर्यशास्त्रात वेगवेगळे, ठरलेले अर्थ होते. ब्रिटिश विचारवंत एडमंड बर्कने १७५७ मध्ये उदात्ताची मुळे भीतीत शोधली होती.

पहिली जोडी पुरी झाली की तीच पद्धत मराठीवर वापरून पाहता येते. इंग्रजी स्वच्छंदतावादी कवींचे संस्कार घेतलेल्या केशवसुतांचे, मराठीतले पहिले मानले जाणारे सुनीत ‘मयूरासन आणि ताजमहाल’ यांवर आहे : म्हणजे एक लुटीत गेलेली वस्तू, जी कुणालाच पाहता येत नाही, आणि एक जागेवर उभी असलेली इमारत, जी कुणालाही पाहता येते. वहीचे नवे पान उघडून डावीकडे मयूरासनाचा रकाना करावा आणि तो कशाच्या आधारे भरणार, हे आधी लिहावे.